रस्त्यावरचं हळदीकुंकू

मला राग लवकर येतो. शाळेत होते तेव्हा माझी चप्पल व्हरांड्यात वाजली की वर्ग गप्प व्हायचा, आणि निवृत्त झाल्यावरही तो स्वभाव काही गेला नाही. तेव्हा आधीच सांगून टाकते. या हकिगतीत मी ज्यांना मेले म्हणेन, ते शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणारे मोटारवाले आहेत. त्यातले बरेचसे पुढे चांगले निघाले, पण सुरुवातीला ते मेलेच होते.

आमचं घर तुंगार्लीत आहे. तलावाकडे जाणारा चढ लागतो त्याच्या अलीकडे एक सरळ गल्ली आहे, तिच्या मध्यावर. गल्लीच्या एका तोंडाला मावशींचं घर. आता सगळे बंगले उभे आहेत तिथे एके काळी मावशींच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. त्यातला एक तुकडा आणि दोन म्हशी उरल्यात, पण मावशींच्या मनात ही सगळी गल्ली अजून त्यांचीच आहे, आणि आम्हीही तसंच समजून वागतो. दुसऱ्या तोंडाला गल्ली बाजाराकडच्या मोठ्या रस्त्याला मिळते. सकाळी दूधवाला, दुपारी भाजीची हातगाडी, संध्याकाळी मावशींच्या म्हशी, एवढीच काय ती रहदारी. मुलं रस्त्याच्या मधोमध स्टंप ठोकून खेळायची.

मग कधी तरी फोनमधल्या नकाशाला आमची गल्ली सापडली. जुन्या हायवेवर गाड्या तुंबल्या की तो लोकांना आमच्याकडे वळवायला लागला. हायवेवर तासभर इंच इंच सरकून वैतागलेले हे मेले आमच्या मोकळ्या गल्लीत शिरले की सगळा वचपा इथेच काढायचे. काचा खाली, गाणी मोठ्याने, आणि मावशींच्या कोपऱ्यावर ब्रेकचा असा आवाज की दावणीच्या म्हशी उड्या मारायच्या. चिक्कीचे कागद आमच्या कुंपणात. मुलांचे स्टंप घरात गेले. आम्ही बायका कपाळाला आठ्या घालून गेटात उभ्या राहायचो आणि गाडी गेली की बोलायचो. गाडी गेल्यावर बोलून काय होणार, कप्पाळ.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या आषाढात यांना अर्धांगाचा झटका आला.

आमचे हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. सगळी नोकरी कर्जत ते लोणावळा, घाटात. अंगाने दणकट आणि बोलायला तिरके. अशा माणसाचा उजवा हात आणि उजवा पाय एका सकाळी चहा पिता पिता लुळा पडला. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, औषधं चालू राहतील, पण खरं औषध म्हणजे चालणं. रोज, सपाट रस्त्यावर, बाहेर. घरात भिंतीला धरून नाही. हे पहिले काही महिने पाय जे शिकेल ते शिकेल. नंतर मग खुर्चीच.” खुर्ची म्हणजे चाकांची, हे तिने सांगायची गरज नव्हती.

लोणावळ्यात सपाट रस्ता शोधून दाखवा. इकडे चढ, तिकडे उतार. आमची गल्ली तेवढी पाटासारखी. म्हणून आम्ही तिथेच सुरुवात केली. आधी गेटापर्यंत, मग शेजारच्या बंगल्यापर्यंत. श्रावण सरला, गणपती गेले. दसऱ्याला यांनी काठीच्या आधाराने मावशींचं घर गाठलं. मावशींनी आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “आता परत जाताना माझ्याकडचं दूध घिऊन जावा, भाऊ. रिकामं चालायचं न्हाई.” त्या दिवशी किटली डाव्या हाताला अडकवून हे घरी आले. मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या भाजीत मीठ टाकायला विसरले.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ते झालं. सुट्टीमुळे गल्लीत गाड्यांची रीघ होती. मी म्हटलं, आज नको. हे म्हणाले, “कडेकडेने जाऊ.” कडेनेच चाललो होतो. मागून एक पांढरी गाडी आली, तिचा आरसा यांच्या काठीला लागला, काठी उडाली आणि हे शेजारच्या गटारात बसले. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. मला वाटलं, उतरतील, हात देतील. काच खाली झाली आणि आतला मुलगा मान बाहेर काढून म्हणाला, “अंकल, लेक किधर पडेगा?”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खात्याच्या कानावर गेलं असतं तर माझी पेन्शन बंद झाली असती. पण त्याने अर्धंच ऐकलं आणि धूळ उडवत निघून गेला.

यांना लागलं काही नाही, कोपर खरचटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बूट आणून पुढ्यात ठेवले. हे म्हणाले, “आज राहू दे.” त्याच्या दुसऱ्या दिवशी पाय दुखत होता. मग थंडी होती. मग पेपर वाचायचा राहिला होता. ज्या माणसाने भर पावसात, धुक्यात, दरड कोसळायच्या दिवसांत घाटात गाड्या चढवल्या, त्याला आता स्वतःच्या गेटाची कडी काढायची भीती वाटत होती. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं. मी गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे आपले व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून गल्लीकडे बघत राहायचे. डिसेंबरात डॉक्टरणीने यांचा पाय वाकवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “पाय आखडत चाललाय. या महिन्या-दोन महिन्यांत बाहेर पडले नाहीत, तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

माझ्या पायाखालची वाळू सरकली. घरी आले आणि ठरवलं, आता या मेल्यांची खैर नाही.

गल्लीतल्या पुरुषांनी तोवर एक मीटिंग घेतली होती. चहा प्यायले आणि ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावला. त्या फलकाला टेकून लोक फोटो काढायचे. गतिरोधकासाठी अर्जही दिला होता, पण सरकारी काम म्हणजे वेळ लागायचाच. शेवटी शहाणपणाची गोष्ट सांगितली ती शेजारच्या घरातल्या सुनेने. ती तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. रविवारी आमच्या ओट्यावर तीळ निवडायला बसली होती. मी गाड्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

ती म्हणाली, “काकू, या गाड्यांना आपली गल्ली माहीत नसते हो. फोन सांगतो तसे ते वळतात. आणि फोनला वाटतं, ही गल्ली मोकळी आहे, इथून पटकन सुटतील. इथे गाड्या अडकायला लागल्या की त्यालाच कळेल, आणि तो त्यांना आपोआप दुसरीकडून पाठवेल.”

“म्हणजे गल्ली तुंबायला हवी?”

“हो. पण खरंच तुंबायला हवी. नुसतं ओरडून नाही.”

मी तीळ निवडत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संक्रांत चार दिवसांवर आली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाईला कुठल्याही दिवशी, कितीही वेळा हळदीकुंकू करायची मुभा असते. घरात करा, अंगणात करा, देवळात करा. मग गल्लीत का नाही? अर्ध्या रस्त्यावर सतरंजी टाकायची, अर्धा मोकळा ठेवायचा. गल्लीतली माणसं, दूधवाला आणि कुणी आजारी असेल तर त्यांना वाट. बाकी जी गाडी येईल ती थांबवायची, आतल्या बाईला हळदीकुंकू लावायचं, सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायचा. कुंकवाची कोयरी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर गाडी घालणारा महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय.

मी पोलीस चौकीत जाऊन सांगून आले. त्यांनी वाट पूर्ण अडवू नका एवढंच बजावलं. मग घरोघरी गेले. एरवी भिशीला वेळ नसलेल्या बायका यासाठी एका पायावर तयार झाल्या. मावशी तेवढ्या मागे सरल्या. “बाई, मला कुंकू चालायचं न्हाई. मालक जाऊन लय वर्सं झाली. मी आपली गल्लीच्या तोंडाला खुर्ची टाकून बसते. कोन येतं, कोन जातं, ते मी बगते.”

शनिवारी संध्याकाळी सतरंजी पडली, समया लागल्या, आणि मी पहिलं कुंकू मावशींनाच लावलं. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग कुणी बघितलं नाही. मावशींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आपल्या खुर्चीकडे गेल्या.

आता आमच्या बायकांची खोड सांगते. पहिली गाडी थांबली, आतून एक दमलेली बाई आणि दोन पेंगलेली मुलं दिसली, आणि आमचा सगळा बेत तिथेच पाघळला. “अगंबाई, लेकरं भुकेली दिसताहेत.” कुणी गुळाची पोळी आणली, वर तुपाची धार. कुणी मसाला दूध. गल्लीतल्या सवाष्णींसाठी आणलेली वाणाची अर्धी भांडी परक्या बायकांच्या ओटीत गेली. आणि हे सगळं घाईघाईने, कारण “बिचारे लांबून आलेत, त्यांना अडकवून ठेवू नका.” एकीने तर गाडी वळवायला मदत करून तलावाचा आतला रस्ताही सांगितला. मी कपाळावर हात मारून घेतला, पण खरं सांगायचं तर एका बाळाच्या हातात तिळाची वडी मीच दिली होती.

रविवारी दुप्पट गाड्या आल्या. एका बाईने काच खाली करून विचारलं, “इथेच ना ती गुळपोळी मिळते? आम्ही व्हिडिओ पाहिला.” मावशी खुर्चीतून म्हणाल्या, “बाई, तुमी तर खानावळ काढली.”

रात्री जेवताना हे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणाले, “अगं, तुमच्या स्टेशनात कँटीन चांगलं निघालं. आता मेल गाड्याही थांबा मागतील.” मला राग यायला हवा होता, पण त्या हसण्यापुढे राग कुठला टिकायला.

सोमवारी मी सगळ्यांना घरी बोलावलं आणि वर्ग घेतला. म्हटलं, तुमची माया तुमच्यापाशी ठेवा, पण एक गोष्ट मला सांगा, हळदीकुंकू असं उरकतात का कधी? गाडीच्या खिडकीतून बोट लावलं आणि सोडलं? यापुढे सगळं रीतसर. बाईला खाली उतरवायचं, सतरंजीवर बसवायचं. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, हातावर तिळगूळ. पोळी नाही, दूध नाही. आणि नाव घेतल्याशिवाय वाण नाही.

शेवटच्या वाक्याला बायकांचे चेहरे असे उजळले की बस. उखाणा घ्यायला लावणं हा आमच्या गल्लीचा आवडता छळ. नवी सून आली की तिची पहिली दोन वर्षं यात जातात.

त्या शनिवारी पहिली गाडी मुंबईची होती. पुढच्या सीटवर डोळ्यांवर काळा चष्मा घातलेली एक तरुण बाई. आम्ही तिला मोठ्या सन्मानाने उतरवलं. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं, गुलाबपाणी उडालं. मग सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “आता नाव घ्या.” ती लाजली. येत नाही म्हणाली. येत नाही कसं, आम्ही शिकवतो. एकीने पहिली ओळ सुचवली, दुसरीला ती आवडली नाही, तिसरीने नवऱ्याचा धंदा विचारला म्हणजे त्यावर यमक जुळवता येईल. नवरा स्टिअरिंगवर बसून कानापर्यंत लाल झाला होता. मागे गाड्यांची रांग लागली. तिसऱ्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तर त्याचीच बायको खाली उतरली आणि त्याला म्हणाली, “थांब जरा, मला पण घ्यायचंय.” मावशी तोंडाला बसून प्रत्येक नव्या गाडीला एकच सांगत होत्या, “मंगलकार्य हाय, बाबा. बसा निवांत. घाई आसंल तर हायवेनं जावा.” बरेच जण मागच्या मागे वळून हायवेने गेले.

शेजारची सून फोन हातात धरून उभी होती. नकाशावर आधी आमची गल्ली निळी होती. मग पिवळी झाली. मग लाल, मग आणखी लाल, अगदी कुंकवाची रेघ ओढल्यासारखी. आणि अंधार पडायच्या सुमाराला मावशींच्या कोपऱ्यावर आलेली एक गाडी क्षणभर घुटमळली आणि न वळता सरळ निघून गेली. तिच्या मागची पण. तिच्या मागची पण. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझा जीव भांड्यात पडला, आणि अंगात असं बळ आलं की मी त्या दिवशी तीन जणींच्या ओट्या एकटीने भरल्या.

तीन दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या बायका तणतणत आल्या. “आमच्या गल्लीने तुमचं काय घोडं मारलंय? तुमच्या गाड्या आमच्याकडे का?” त्यांचं बरोबरच होतं. मी त्यांना बसवलं, चहा दिला, माझ्याकडची जास्तीची कोयरी आणि अत्तरदाणी त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं शिकवलं. पुढच्या शनिवारी त्यांचीही सतरंजी पडली. त्यांचे उखाणे आमच्यापेक्षा लांब होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग आला रथसप्तमीआधीचा शेवटचा, जोडून सुट्टीचा मोठा वीकएंड. एक्स्प्रेसवेपासून बाजारापर्यंत सगळं लोणावळं गाड्यांनी भरलेलं. आमच्या गल्लीत पूर्वीच्या मानाने चार-दोन गाड्याच शिरत होत्या, आणि ज्या शिरत होत्या त्या चालत्या माणसाच्या वेगाने. मुलांनी गल्लीच्या एका टोकाला पुन्हा स्टंप ठोकले होते. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. फक्त ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते व्हरांड्यात खुर्चीत बसून होते. मी रोज विचारायची आणि हे रोज म्हणायचे, “बघू.” मला आतून कुरतडत होतं. सतरंजी जिंकली आणि पाय हरला, तर या सगळ्याला काय चाटायचंय?

त्या संध्याकाळी बाजाराकडच्या तोंडाने आलेल्या एका गाडीतून एक वयस्क बाई उतरल्या. नाशिककडच्या होत्या. त्यांनी झकास नाव घेतलं, वाण घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आम्हालाच किती छळाल? आता तुम्ही घ्या.” सगळ्या गल्लीने ते उचलून धरलं. मी म्हटलं, या वयात? पण त्या ऐकेनात. मी उभी राहिले. नाव काय घेतलं ते इथे लिहायचं नाही, ती जागा मोकळी सोडते:

“बोगदा गेला, खिंड आली, चढली गाडी घाट,
…रावांचं नाव घेते, सोडा त्यांची वाट.”

मी ते शाळेच्या आवाजात म्हटलं. शेवटच्या वर्गाला ऐकू जाईल असं. नाव ऐकल्यावर साहजिकच सगळ्यांच्या माना आमच्या व्हरांड्याकडे वळल्या.

खुर्ची रिकामी होती. हे गेटाशी उभे होते. डाव्या हाताने कडी काढत होते. पायात बूट होते. म्हणजे माझ्या उखाण्याच्या कितीतरी आधी यांनी एका हाताने बूट घालायला सुरुवात केली असणार. मी धावणार होते, मावशींनी लांबूनच हात वर करून मला थांबवलं.

हे रस्त्यावर आले. कडेने नाही. मधोमध. उजवा पाय अर्धवर्तुळात फिरवत, काठी टेकत, मावशींच्या घराकडे निघाले. नाशिकच्या बाईंची गाडी त्यांच्या मागे होती. बाई आत बसल्या, इंजिन चालू झालं आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने मागून येऊ लागली. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे एक भलीमोठी काळी गाडी, आणखी एक, आणखी एक. कुणी हॉर्न दिला नाही. काळ्या गाडीतल्या पोराने एकदा मान बाहेर काढून पुढे काय चाललंय ते पाहिलं आणि स्वतःच गाणं बंद केलं. सतरंजीवरच्या बायका उठून दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. मी शेजारून चालत होते, हात पुढे करावा की नको या विचारात.

अर्ध्या वाटेवर हे थांबले. दम खाल्ला. मागे वळून ती रांग पाहिली, आणि मला म्हणाले, “आम्ही घाटात मागून ढकलायचो. बँकरचं इंजिन गाडीच्या शेपटीला असतं. एवढी वर्षं पुढचं कधी नीट दिसलंच नाही.” मग पुन्हा पुढे बघून म्हणाले, “आज पुढे आहे.”

मला रडू आलं. रागही आला, इतके दिवस हा पाय कुठे होता म्हणून. आणि अभिमान तर असा वाटला की तो लपवायचा प्रयत्नच केला नाही. मावशींच्या दारात पोचल्यावर हे बाजूला झाले आणि डाव्या हाताने गाड्यांना जायची खूण केली, गार्ड हिरवं निशाण दाखवतो तशी. एकेक गाडी पुढे गेली. नाशिकच्या बाईंनी जाताना हात जोडले. काळ्या गाडीतला पोरगा म्हणाला, “सॉरी हां, काका.” त्याने काही केलं नव्हतं, कुणातर्फे म्हणाला कुणास ठाऊक. मावशी यांना म्हणाल्या, “लय दिवसांनी आलासा. दूध कवाचं तापवून ठेवलंय.”

त्या दिवसानंतर हे रोज जायला लागले. रथसप्तमीला आम्ही सतरंजी गुंडाळली. तोवर फोनला आमची गल्ली कायमची हळू वाटायला लागली असावी. पुढे गतिरोधकही झाले, दोन्ही तोंडांना, छान पांढरे पट्टे मारलेले. अधूनमधून एखादी गाडी चुकून येते, पण ती चालीने जाते. डॉक्टरणीने पाय तपासला आणि मला म्हणाली, “काकू, काय केलंत?” मी म्हटलं, हळदीकुंकू केलं. तिला वाटलं मी देवाचं काही सांगतेय.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी हे एकटेच फिरायला गेले होते. आता मी सोबत जात नसे, यांनीच बजावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, तरी यांचा पत्ता नाही. मी गल्लीत डोकावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली मोकळी. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “हितनं गेलं की. सरळ वर.” सरळ वर म्हणजे तलावाचा चढ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सपाट, सपाट म्हणून डॉक्टरीण कंठशोष करतेय, आणि हा माणूस चढाला लागला. मी तशीच घरातल्या चपलेवर निघाले, सगळा रस्ता यांचा उद्धार करत.

पहिल्या वळणावर कठड्यावर बसलेले दिसले. घामाघूम, काठी मांडीवर आडवी. खाली सगळं तुंगार्ली, आमची गल्ली, मावशींच्या गोठ्याचं छप्पर. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि विचारलं, “चढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

हे म्हणाले, “मला चढच येतो. सपाट तुझ्यासाठी चालत होतो.”

मी शेजारी बसले. यांचा श्वास खाली बसेपर्यंत बसलो. मग उतरायला लागलो. यांनी माझा हात मागितला नाही, मीच यांचा धरला. उतारावर माझी चप्पल घसरत होती.